विमान तीन तासांचे, वाट दोन दिवसांची

मुंबईहून दुबई तीन तासांवर आहे, हे आता लहान मुलालाही ठाऊक झाले आहे. इंदापूरच्या डाळिंबाच्या लिलावात, बारामतीच्या भाजीबाजारात, भिगवणच्या मासळीच्या ओट्यावर कुठेही उभे राहा, हे वाक्य कानावर पडतेच. आमच्या बागवान बांधवांना कार्गोचे एजंट हेच सांगतात आणि आखाती देशात मजुरीला निघालेल्या कारागिरांना तिकीटवालेही हेच सांगतात. वाक्य खोटे नाही. पण त्याच्या भरवशावर जो धंद्याचा हिशोब मांडतो, तो हमखास खोटात जातो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: व्यापाऱ्याने अंतर विमानतळ ते विमानतळ मोजू नये, बाग ते पेठ मोजावे. कारागिराने प्रवास उड्डाण ते उतरणे असा धरू नये. घराचा उंबरठा ते कामाची जागा असा धरावा. हे मोजमाप एकदा बदलले की पैसा आणि वेळ कुठे गळतो ते आपोआप दिसू लागते. ती गळती बहुतेक आकाशात नाही, आपल्याच जमिनीवर आहे.

आकाशातला हिशोब

मुंबई ते दुबई हे सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्याच्या हिशोबी ते हजार-चाळीस मैलांच्या आसपास भरते. उंचावर गेलेले जेट विमान ताशी साडेआठशे किलोमीटरच्या सुमाराने जाते. भागाकार केला तर सव्वादोन तास येतात. मग वेळापत्रकात तीन तास, सव्वातीन तास का लिहितात?

कारण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, वर चढणे, खाली उतरणे, उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे हे सगळे त्यात येते. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे साधारणपणे एका वेळी एकच चालवता येते. रांग लागणारच. शिवाय उंचावरचे वारे हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून जाण्याला जास्त वेळ लागतो आणि येण्याला कमी. विमान तेच, अंतर तेच, वेळ मात्र वेगळा.

आणि सरळ रेषा तरी नेहमी कुठे मिळते? २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद केले. उत्तरेकडून सुटणाऱ्या विमानांना तेव्हा मोठा वळसा पडला. मुंबईहून अरबी समुद्रावरून जाणाऱ्यांना त्याची झळ कमी बसली. पण २३ जून २०२५ रोजी कतारने आपले आकाश बंद केले, त्या रात्री आखातात जाणारी किती तरी विमाने वाटेतून फिरली. नकाशावरचे अंतर पट्टीने मोजता येते. प्रत्यक्षातले अंतर राजकारणही ठरवते. नाशवंत माल पाठवणाऱ्याने हे गृहीत धरूनच सौदा केला पाहिजे.

घड्याळाचा चकवा

तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, जेद्दाचे अडीच तास. मुंबईहून पहाटे ४ वाजता सुटलेले विमान सव्वातीन तास उडून दुबईला तिथल्या पावणेसहाला उतरते. कागदावर प्रवास पावणेदोन तासांचा दिसतो. परतताना रात्री १० ला निघाले आणि दोन तास पन्नास मिनिटे उडाले, तर मुंबईत २ वाजून २० मिनिटे झालेली असतात. कागदावर चार तास वीस मिनिटे. दोन्ही आकडे फसवे आहेत. मुंबई ते जेद्दा हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. सकाळी १० ला निघून साडेपाच तास उडाले तर जेद्दाला दुपारचा एक वाजलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते, तीनच तास लागले.

दुसरा चकवा तारखेचा. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.३० असे असेल, तर ती १४ तारखेची रात्र संपून लागलेली पंधरा तारीख असते. १४ तारखेला संध्याकाळी घरून निघून विमानतळावर नव्हे, तर १४ तारखेला रात्री साडेनऊला विमानतळाच्या दारात उभे राहायला हवे. म्हणजे इंदापूरहून दुपारीच गाडी सुटली पाहिजे. १५ तारखेच्या रात्री पोहोचणाऱ्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. व्हिसाची मुदत, कामावर रुजू होण्याचा दिवस, उसनवारी करून काढलेले तिकीट, सगळे एका आकड्याने बुडते. घरातल्या पहिल्यांदा निघालेल्या मुलाला बाकी काही सांगता आले नाही तरी हे एक जरूर समजावून सांगावे.

वाटेत विमान बदलण्याचे स्वस्त तिकीटही असेच तपासून घ्यावे. दोन-अडीच हजार रुपये वाचतात, पण परक्या विमानतळावर दहा तास बसावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी जाते. वाचलेले पैसे आणि गेलेली मजुरी शेजारी-शेजारी लिहून पाहिली तर निर्णय सोपा होतो.

दोन दिवस जातात कुठे?

आता मालाकडे वळू. समजा, निमगाव केतकीच्या बाजूच्या बागेतला माल सकाळी ७ वाजता तोडायला घेतला. निवड, प्रतवारी आणि पेटी भरण्यात दुपारचे २ वाजले. शीतगृहात माल थंड करण्यात सहा तास गेले. रात्री ८ ला गाडी सुटली. पुणे आणि द्रुतगती मार्ग पार करून मुंबईचे सुमारे २९० किलोमीटर अंतर कापायला सात तास धरले, तर पहाटे ३ वाजले. तिथे वजन, क्ष-किरण तपासणी, कस्टमचे कागद आणि विमानात चढवण्यासाठी रचणी. विमान दुपारी २ चे. म्हणजे आणखी अकरा तास. सव्वातीन तासांचे उड्डाण झाले, दुबईत पावणेचार वाजले. तिथली सोडवणूक झाली, माल अल अवीरच्या घाऊक फळबाजारात रात्री पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता दुकानदारापुढे आला.

बेरीज केली तर साडेसत्तेचाळीस तास. त्यांतले सव्वातीन तास विमानाचे. शंभरातले सात! उरलेले त्र्याण्णव जमिनीवर गेले.

यातून एक साधी गोष्ट निघते. उद्या विमान पाव पटीने वेगवान झाले, तरी या सौद्यात फार तर अर्धा तास वाचेल. पण प्रतवारी बागेजवळच्या सावलीत, शिकलेल्या हातांनी चार तासांत उरकली आणि कागदपत्रे आदल्या दिवशीच तयार ठेवल्याने मुंबईतले अकरा तास सहावर आले, तर आठ तास वाचतात. कोणतीही विमान कंपनी आपल्याला हे आठ तास विकू शकत नाही. ते आपल्याच हातात आहेत.

थंड करण्याचे सहा तास मात्र वाया गेले असे कोणी समजू नये. वेळ वाचवायचा म्हणून तेच गाळणारे व्यापारी आहेत आणि तिथेच ते बुडतात. उन्हात तापलेला माल तसाच पेटीत भरला की उष्णता आत कोंडते. द्राक्षाचे देठ वाळतात, मणी गळतात. दुबईचा दुकानदार पेटी उघडताना प्रथम देठच पाहतो. हिरवा असेल तर भाव, तपकिरी असेल तर पट्टीत कपात.

कोणता माल विमानाने, कोणता बोटीने?

विमान वेगवान आहे म्हणून प्रत्येक मालाला विमानच चांगले, हा समज सोडून दिला पाहिजे. विमानाचे भाडे पुष्कळदा बागेतल्या भावाची बरोबरी करते. मग नफा कोणाचा?

न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अलीपर्यंत समुद्रमार्गे सुमारे १,२०० सागरी मैल पडतात. ताशी १५ मैलांनी जाणाऱ्या बोटीला शांततेच्या काळात ८० तास, म्हणजे साडेतीन दिवसांच्या आत-बाहेर लागतात. दोन्ही बंदरांवरचे थांबणे धरले तर आठवडा, दहा दिवस. डाळिंब योग्य थंडाव्यात ठेवले तर दोन-दोन महिने टिकते. त्याला आठवड्याची काय भीती? द्राक्षही गंधकाच्या कागदासह नीट भरले आणि थंडावा तुटू दिला नाही तर कित्येक आठवडे चांगले राहते. म्हणूनच आपली द्राक्षे युरोपला बोटीने जातात. उजनीच्या काठची केळी थंड कंटेनरमधून आखातात जातात, तीही याच हिशोबाने. २०२५ मध्ये तर आपले भगवा डाळिंब समुद्रमार्गे सुमारे पाच आठवड्यांत न्यूयॉर्कला पोहोचले. पूर्वी ते विमानाशिवाय जाणार नाही असेच सगळे धरून चालले होते.

उलट अंजीर, कढीपत्ता, हिरवी मिरची, भेंडी, विड्याचे पान यांना दिवसांवर आयुष्य असते. त्यांना विमानच हवे. ईदच्या आधीच्या चार दिवसांत दुबईत भाव चढलेला असेल, तर एरवी बोटीने जाणारे डाळिंबही विमानाने पाठवणे परवडू शकते. निकष एकच: माल किती दिवस टिकतो आणि लवकर पोहोचल्याने भावात किती फरक पडतो. लवकर पोहोचण्याची किंमत भाड्याहून कमी असेल, तर बोट.

बोटीलाही संकटे आहेत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणाऱ्या बोटींनी सुवेझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला. अंतर दीडपटीहून अधिक झाले, दोन आठवड्यांपर्यंत जादा वेळ लागू लागला, भाडी कडाडली. २०२४ च्या द्राक्ष हंगामात त्याची झळ आपल्या बागांपर्यंत पोहोचली. होर्मुझच्या सामुद्रधुनीचेही तसेच. म्हणून सगळा माल एका वाटेवर आणि एका गिऱ्हाइकावर टाकू नये.

बोटीला कमी लेखण्याचे आपल्याला तरी काही कारण नाही. मुंबईहून हाजी जहाजानेच जेद्दाला जात असत. ती वाहतूक १९९५ मध्ये बंद झाली आणि मग सगळेच विमानाने जाऊ लागले. आणि इंदापूर तालुक्याला तर जहाज व विमान या दोहोंशी नाते सांगता येते. ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना निघाला तोही त्यांच्याच पुढाकाराने. वाहतूक ज्याच्या हाती, व्यापार त्याच्या हाती, हे त्यांनी ओळखले होते.

वजन खरे की आकाराचे?

आमच्या कारागीर बांधवांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बांगड्या, जरीकाम, शिवलेले कपडे, लाकडी वा पितळी वस्तू यांचे नमुने विमानाने पाठवताना भाडे नुसत्या काट्यावरच्या वजनावर लागत नाही. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला ६,००० ने भागतात. आलेला आकडा म्हणजे आकाराचे वजन. खरे वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडे. काही कुरियर कंपन्या ५,००० ने भागतात, तेव्हा आकडा आणखी वाढतो.

६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरची पेटी घेतली तर गुणाकार ९६,००० होतो. आकाराचे वजन १६ किलो. आत माल ९ किलोचा असला तरी पैसे १६ किलोचे. सात किलो हवा विमानाने पाठवली! माल सुरक्षित राहील इतपत पेटी लहान केली, तर कारागिराच्या नफ्यात थेट भर पडते. द्राक्ष-डाळिंबाची पेटी जड असते, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. हलक्या मालाला मात्र येतोच.

विमानतळ जवळ आला तर?

बारामतीला धावपट्टी आहे, मग माल तिथून का जात नाही, असे पुष्कळजण विचारतात. ती धावपट्टी सुमारे पावणेदोन किलोमीटरची आहे. लहान विमाने आणि वैमानिकांचे शिक्षण यांसाठी ती वापरली जाते; मोठ्या मालवाहू जेटचे ते काम नव्हे. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे. धावपट्टी अडीच किलोमीटरची, परदेशी विमाने मोजकीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी ते दोन आठवडे पूर्ण बंद राहिले होते. लहान प्रवासी विमानाच्या पोटात माल बसून बसणार किती?

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने सुटू लागली. आपल्या भागातून जाणाऱ्या गाडीला मुंबई शहरात शिरावे लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा २०१६ पासून चालू आहे. तो झाला तर बारामती-इंदापूरला फायदा होईल, यात शंका नाही. पण ज्या सात गावांच्या जमिनी त्यात जायच्या आहेत, तिथेही अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत, तिथलेही लोक आपल्यासारखेच बागेवर जगतात. त्यांना रास्त मोबदला आणि मान देऊनच तो व्हावा, असे आम्हास वाटते. दुसऱ्याच्या नुकसानीवर उभ्या राहिलेल्या सोयीत बरकत नसते.

आणि तो होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. वर मांडलेला हिशोब पुन्हा पाहावा. विमानतळ शंभर-सव्वाशे किलोमीटर जवळ आला तर दोन-तीन तास वाचतील. आपली तयारी नीट असेल तर आजच आठ वाचतात. पाटस, बारामती, इंदापूर असा पालखी महामार्ग आणि पुणे-सोलापूर महामार्ग दारातून गेला आहे. रस्ता आहे, रस्त्यावर चढण्यापूर्वीचे काम मागे आहे.

करायचे काय?

“निर्यात मोठ्यांचे काम, आपण बाजार समितीत माल घ्यावा आणि वाशीला द्यावा,” असे आमचे पुष्कळ बागवान बांधव म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परदेशी पट्टी उशिरा येते, माल नाकारला तर परत आणता येत नाही, भांडवल अडकते. एकट्यादुकट्याने या वाटेने जाऊ नये, हे आम्हीही मान्य करतो. पण पिढ्यान्‌पिढ्या फळ हाताळणारा, झाडावरचे डाळिंब पाहून आत दाणा कसा असेल ते सांगणारा माणूस कायमचा पुरवठादारच राहतो आणि नफा ज्याच्या हाती कागद त्याच्याकडे जातो, हे किती दिवस चालू द्यायचे? ओळख मालाची आपल्याकडे, ओळख वाटेची दुसऱ्याकडे, हेच आपल्या कारोबाराचे दुखणे आहे.

तेव्हा पाच-दहा जणांनी एकत्र यावे. भागीदारी लेखी असावी, हिशोब दर हंगामाला उघड मांडावा. आयात-निर्यातीचा क्रमांक सरकारी शुल्क अवघे ५०० रुपये भरून मिळतो. तो एकाच्या नव्हे, संस्थेच्या नावे घ्यावा. अपेडाची नोंदणी करावी. फळे रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला कोण देतो, किती दिवस आधी अर्ज लागतो, हे हंगामापूर्वीच विचारून ठेवावे. पणन मंडळाने राज्यात निर्यात सुविधा केंद्रे उभारली आहेत, बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, सोलापूरला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. ही दारे सर्वांना उघडी आहेत. १ मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीशी व्यापार करार लागू झाला आहे. आपल्या वस्तूवरील जकातीत त्यामुळे काय फरक पडला, हे कारागिरांनीही पाहून घ्यावे.

पहिल्या हंगामात एकच पेठ, एकच माल, थोडा माल. प्रत्येक खेपेची एक वही ठेवावी: तोडणी किती वाजता, गाडी किती वाजता, मुंबईच्या दारात किती वाजता, विमान वा बोट केव्हा, पेठेत केव्हा, पट्टी किती. दहा खेपांची वही झाली की वेळ कुठे जातो ते एजंटाला विचारावे लागणार नाही. उलट एजंटाशी भाव ठरवताना तीच वही पुढे ठेवता येईल.

आखातात आपले भाऊ, मुले, मेहुणे आहेत. त्यांच्याकडून केवळ पैसे मागवू नयेत, बाजाराची माहितीही मागवावी. अल अवीरमध्ये आज कोणत्या देशाचे डाळिंब आहे, पेटी किती किलोची, देठ कसा, भाव काय, एवढे दर आठवड्याला फोनवर कळले तरी ते मोठे भांडवल आहे. कोणत्याही मोठ्या निर्यातदाराला यासाठी पगारी माणूस ठेवावा लागतो. आपल्याकडे तो घरचा आहे.

विमान तीन तासांत पोहोचते, ते तसेच पोहोचत राहील. त्याआधीचे आणि त्यानंतरचे चव्वेचाळीस तास कोणाच्या हाती राहणार, हे मात्र बारामती-इंदापूरच्या व्यापाऱ्यांनीच ठरवायचे आहे. द्राक्षाचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही बैठक आपापल्या पेठेत व्हावी, एवढीच आमची विनंती.